लघवीची गोळी, पण बीपीसाठी : वाचकांच्या शंका

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड गटातल्या गोळ्यांबद्दल आलेली निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. आपण ही गोळी घेतो हे कित्येकांच्या गावीही नसते. पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहा. दोन-तीन औषधे एकत्र असलेल्या गोळीत ते बारीक अक्षरांत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत दडलेले असते. व्यापारी नावामागे ‘एच’ किंवा ‘एचसीटी’ अशी शेपटी असेल, तर बहुधा हेच.

प्रश्न : माझ्या पायांवर सूज नाही, हृदयाचा विकार नाही. फक्त बीपी १५६/९४ च्या आसपास राहते. तरी मला लघवीची गोळी का दिली? पहिले आठ-दहा दिवस लघवी जास्त झाली, आता पूर्वीसारखीच होते. म्हणजे गोळी लागू पडेनाशी झाली का?

नाही. या गोळीला नाव पडले ते तिच्या पहिल्या पंधरवड्यावरून. बीपीवरचे खरे काम त्यानंतरचे आहे.

मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडला, तर बाकी सगळा परत रक्तात घेतात. या परतीच्या वाटेवर, सूक्ष्म नलिकेच्या शेवटाकडच्या भागात, सोडियम आणि क्लोराइड यांना जोडीने आत ओढणारे एक प्रथिन असते. थायझाइड नेमके त्यालाच अडवते. मीठ लघवीत अडकले की त्याच्या मागोमाग पाणीही जाते, रक्ताचे आकारमान थोडे घटते आणि बीपी उतरते. मात्र शरीर स्वस्थ बसत नाही. मीठ-पाणी धरून ठेवणारी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकांची यंत्रणा जागी होऊन ही गळती थोपवते, आणि काही आठवड्यांत लघवी जवळपास पूर्वपदावर येते. बीपी तरीही खालीच राहते, कारण तोवर रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. दुकानदाराने ‘लघवीची गोळी’ म्हणून हातात ठेवलेले औषध दीर्घकाळ घेतल्यावर रक्तवाहिन्यांची गोळी होऊन बसते, असे म्हटले तरी चालेल.

म्हणून या गोळीचा निकाल आठवड्याभरात लावू नये. चार ते सहा आठवडे द्यावेत. डॉक्टरांकडे जाण्याआधीचे सात दिवस घरी सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि रात्री, पाच मिनिटे शांत बसून, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा बीपी मोजा आणि लिहून ठेवा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा ही सरासरी कितीतरी विश्वासार्ह असते.

राहिला ‘मलाच का’ हा प्रश्न. या गटातले पहिले औषध, क्लोरोथायझाइड, १९५८ साली बाजारात आले. जुने म्हणून ते मागे पडलेले नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑलहॅट’ या अमेरिकी चाचणीत ३३ हजारांहून अधिक रुग्णांवर क्लोरथॅलिडोन, अॅम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल यांची तुलना झाली. हृदयविकाराचा झटका टाळण्यात क्लोरथॅलिडोन इतर दोघांच्या तोडीस तोड ठरले आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण त्याच्याबरोबर कमी दिसले. त्याआधी १९९१ मध्ये, साठीपुढच्या ज्यांचा फक्त वरचा आकडा वाढलेला होता अशांच्या ‘शेप’ चाचणीत पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले होते. सूज असणे ही या गोळीची अटच नाही.

प्रश्न : वडिलांना (वय ७४) क्लोरथॅलिडोन सुरू केले. गोळीने अंगातले पाणी जाते म्हणून आम्ही त्यांना आग्रहाने दिवसाला चार लिटर पाणी पाजत होतो. तिसऱ्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी सुरू झाली, मग असंबद्ध बोलू लागले. दवाखान्यात सोडियम ११९ निघाले. आता ते घरी आलेत. इतके पाणी पिऊनही असे का झाले? आणि गोळी पुन्हा सुरू करायची का?

पाणी पिऊनही नव्हे, पाण्यामुळेच. तुमचा हेतू चांगला होता आणि ही चूक फार घरांत होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

रक्तातले सोडियम १३५ ते १४५ या टप्प्यात राहावे लागते. जास्तीचे पाणी प्यायलो तर मूत्रपिंड ते पातळ लघवीच्या रूपाने बाहेर टाकते. लघवी पातळ करायची म्हणजे नलिकेतून मीठ काढून घ्यायचे आणि पाणी तसेच पुढे सोडायचे. हे मीठ काढून घेण्याचे एक महत्त्वाचे ठिकाण म्हणजे थायझाइडने बंद केलेला नलिकेचा तोच भाग. थोडक्यात, गोळी चालू असताना जास्तीचे पाणी बाहेर काढायची मूत्रपिंडाची ताकद घटते. त्यावर वरून चार लिटर ओतले, तर ते शरीरातच साठते, रक्त पातळ होते, सोडियम उतरते आणि मेंदूच्या पेशी फुगू लागतात. मळमळ, डोके जड होणे, तोल जाणे, पायांत गोळे, झोपाळूपणा, गोंधळ आणि शेवटी झटके, असा हा उतार आहे. तुमचे वडील बऱ्याच खालच्या पायरीवर पोहोचले होते.

या गोळीवर असलेल्याने तहान लागेल तसे प्यावे. बहुतेकांना दिवसाकाठी सगळे मिळून दीड-दोन लिटर पुरते. उन्हात श्रमाचे काम असेल, तर त्या मानाने वाढवावे. ‘गोळी आहे म्हणून जादा’ हा हिशोब मात्र सोडून द्यावा.

सोडियम उतरण्याचा धोका सर्वांना सारखा नसतो. वय जास्त, शरीर किडकिडीत, त्यातही स्त्री, जेवण जेमतेम आणि चहा-पाणी भरपूर, सोबत नैराश्यावरची एसएसआरआय गटातली गोळी किंवा फिट्सवरचे कार्बामाझेपिन, अशी सांगड असेल तिथे फार जपावे लागते. बहुतेक वेळा हा प्रकार पहिल्या काही आठवड्यांत उघड होतो. पण वर्षानुवर्षे गोळी पचलेल्या माणसालाही मध्येच एखाद्या आजारपणात किंवा दुसरे औषध सुरू झाल्यावर तो होऊ शकतो. वयस्कर माणूस गोळी सुरू झाल्यावर ‘जरा विसराळू झालाय’ असे वाटले, तर वयावर ढकलण्याआधी सोडियम तपासून घ्या.

असे झाल्यावर घरीच मीठ-पाणी पाजून सोडियम चढवायला जाऊ नये. ते दवाखान्यात, पुन्हा पुन्हा रक्त तपासत, हळूहळू चढवावे लागते. २४ तासांत साधारण ८ ते १० अंकांपेक्षा जास्त नाही. घाईने चढवले, तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते.

गोळी पुन्हा सुरू करायची का? नाही. थायझाइडमुळे एकदा सोडियम इतके घसरले की पुन्हा दिल्यावर ते पुन्हा घसरण्याची शक्यता फार असते, आणि कंपनी किंवा नाव बदलून उपयोग नाही. वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहा : ‘क्लोरथॅलिडोनने सोडियम ११९. थायझाइड देऊ नये.’ वर्षभराने दुसऱ्याच दवाखान्यात एखाद्या जोडगोळीतून ते परत येते, असे सर्रास होते. बीपीसाठी इतर गटांतली औषधे भरपूर आहेत.

प्रश्न : हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मिलिग्रॅमने बीपी थोडेच उतरले. मनानेच दोन, मग चार गोळ्या घेतल्या तर? शेजाऱ्यांची क्लोरथॅलिडोनही १२.५ चीच आहे. दोन्ही सारख्याच का?

मनाने नकोच. शिवाय वाढवून फारसे हाती लागत नाही. थायझाइडमध्ये बीपी उतरण्याचा बराचसा भाग कमी डोसातच मिळून जातो. त्यापुढे डोस दुप्पट केला की बीपीत भर थोडी पडते. पोटॅशियम घटणे, युरिक अॅसिड आणि साखर वाढणे मात्र डोसाबरोबर चढत जाते. साठ-सत्तरच्या दशकांत याच गोळ्या १०० मिलिग्रॅमच्या घरात दिल्या जात. थायझाइडची जी बदनामी आजही ऐकू येते, ती बरीचशी त्या काळातली कमाई आहे.

आजचे नेहमीचे डोस असे : हायड्रोक्लोरोथायझाइड रोज १२.५ ते २५ मिलिग्रॅम, क्वचित ५०. क्लोरथॅलिडोन १२.५ ते २५. नाजूक प्रकृतीच्या वृद्धांना ६.२५ पासून सुरुवात. इंडापामाइड १.२५ ते २.५, आणि हळूहळू विरघळणारी गोळी १.५ मिलिग्रॅमची. ही शेवटची गोळी तोडू, चावू किंवा कुटू नये. तोडली की तिचा हळूहळू विरघळण्याचा गुणच जातो. साधी गोळी अर्धी करायची असेल, तर मध्ये खाच असलेलीच घ्या आणि गोळी कापायच्या डबीत कापा. सुरीने केलेले दोन तुकडे क्वचितच सारखे निघतात.

आकडा एक असला, तरी दोन्ही गोळ्या सारख्या नाहीत. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम धरले, तर क्लोरथॅलिडोन साधारण दीड ते दोन पट जोरकस आहे. ते रक्तात टिकतेही खूप : निम्मे उतरायला ४० ते ६० तास लागतात, तर हायड्रोक्लोरोथायझाइडला ६ ते १५ तास. क्लोरथॅलिडोनचा असर रात्रभर आणि पहाटेपर्यंत राहतो तो त्यामुळे. आणि त्रास झाला तर गोळी बंद केल्यावरही दोन-चार दिवस तो रेंगाळतो, तोही त्यामुळेच. मग जोरकस तेच चांगले का? २०२२ साली १३,५२३ ज्येष्ठांच्या अमेरिकी चाचणीत या दोघांची समोरासमोर तुलना झाली. हृदयविकार, पक्षाघात वगैरेंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. पोटॅशियम उतरण्याचे प्रमाण मात्र क्लोरथॅलिडोनवर जास्त होते, ६ टक्के विरुद्ध ४.४ टक्के. तेव्हा हायड्रोक्लोरोथायझाइडवर बीपी नीट आवाक्यात असेल, तर उगाच बदला असा हट्ट धरू नये, असे आमचे मत.

१२.५ ने भागत नसेल, तर डॉक्टर बहुधा २५ करतील किंवा कमी डोसातच दुसऱ्या गटातले औषध जोडतील. बहुतेकांना या दुसऱ्या वाटेने जास्त फायदा आणि कमी त्रास होतो.

प्रश्न : गोळी सुरू करून दीड वर्ष झाले, एकदाही रक्त तपासलेले नाही. तपासायला हवे का? काय आणि केव्हा?

हवेच. या गोळीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. रक्तातले क्षार बिघडले तरी माणसाला बराच काळ काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा उशीर झालेला असतो.

सुरू करण्याआधी सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडे कशी चालतात ते यावरून कळते), साखर आणि युरिक अॅसिड पाहावे. शक्य असेल तर कॅल्शियमही. सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांनी सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन पुन्हा. डोस वाढवला की तितक्याच अवधीने परत. सगळे स्थिर असेल, तर त्यानंतर सहा महिने ते वर्षातून एकदा पुरे. तुमचा पहिला टप्पा हुकलाय. या आठवड्यातच तपासणी करून घ्या आणि साखर, युरिक अॅसिडही त्यातच उरका.

पोटॅशियम ३.५ च्या वर हवे. हृदयरोग असेल किंवा हृदयावरचे डिजॉक्सिन हे औषध चालू असेल, तर ४ च्या वर असलेले बरे. ३.० च्या खाली गेले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. २.५ च्या खाली हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. मांड्या जड पडणे, जिना चढताना पाय न उचलणे, पोटऱ्यांत गोळे, बद्धकोष्ठ, छातीत मध्येच ठोका चुकल्यासारखे होणे, या त्याच्या खुणा.

रक्त देताना एक खबरदारी घ्या, कारण पोटॅशियमचा आकडा फसवा असू शकतो. दंडाला पट्टा आवळून मूठ जोरजोरात उघड-मीट केली, तर स्नायूंतले पोटॅशियम त्या रक्तात उतरते. सुई नीट न लागल्याने किंवा नळी जोरात हलवल्याने रक्तपेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. खरे ३.२ असलेले ३.८ म्हणून छापून येते आणि सगळे निर्धास्त होतात. मूठ मिटून स्थिर ठेवा. पंप करू नका. अहवालावर ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल, तर नमुना पुन्हा द्या.

पोटॅशियम ३.२-३.३ आले, तर लोक आधी केळी वाढवतात. त्याने थोडी मदत होते, पण गळती बंद होत नाही. आधी जेवणातले मीठ पाहा. मीठ जितके जास्त खाल, तितके ते नलिकेच्या शेवटच्या टोकाला जास्त पोहोचते आणि तिथे सोडियम परत घेण्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकले जाते. म्हणजे खारट खाणारा माणूस या गोळीचा फायदा कमी घेतो आणि तोटा जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एका चमच्याच्याही आत. पाकीटबंद आणि डबाबंद पदार्थांतले मीठ त्यातच धरायचे. त्यानेही भागले नाही, तर डॉक्टर डोस घटवतात किंवा पोटॅशियम राखणारे औषध जोडतात. रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन ही औषधे पोटॅशियम धरून ठेवतात. थायझाइडशी त्यांची जोडी जमते ती काही अंशी याच कारणाने. स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइडही देता येते.

नेमका इथेच उलटा अपघात होतो. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे विकले जाते, त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. नुसत्या थायझाइडवर ते अनेकांना चालते. पण सोबत वरच्यापैकी एखादे औषध असेल किंवा मूत्रपिंडे कमजोर असतील, तर पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत चढू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ स्वयंपाकघरात आणू नका.

आणखी एक सूचना. अगदी कमी डोसावरच पोटॅशियम पुन्हा पुन्हा ३.५ च्या खाली जात असेल, तर दोष कदाचित गोळीचा नसेल. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क (अॅड्रीनल) ग्रंथी अल्डोस्टेरॉन जास्त बनवत असतील, तरी असे होते, आणि बीपी वाढण्याचे मूळ कारणही तेच असू शकते. गोळीने ते फक्त उघडे पाडलेले असते. डॉक्टरांना अल्डोस्टेरॉन-रेनिनच्या तपासणीबद्दल जरूर विचारा.

प्रश्न : दोन दिवस उलट्या-जुलाब चालू होते. तरी बीपीची गोळी चुकवायची नाही म्हणून घेत राहिलो. तिसऱ्या दिवशी उठताना चक्कर येऊन पडलो. गोळी बंद ठेवायला हवी होती का?

हो. उलट्या-जुलाबांत शरीर आधीच मीठ-पाणी गमावत असते, आणि गोळी त्याच वाटेने आणखी बाहेर काढते. अशा वेळी बीपी वाढण्यापेक्षा कोसळण्याचा धोका मोठा असतो. साधारण रीत अशी : वारंवार उलट्या-जुलाब, जोराचा ताप किंवा खाणेपिणे बंद असे असेल, तर थायझाइड थांबवावे आणि नीट खाऊ-पिऊ लागल्यावर २४ ते ४८ तासांनी परत सुरू करावे. एक-दोन दिवसांच्या खंडाने बीपी उसळी घेत नाही. मात्र तुमच्यासाठी नेमके काय, हे डॉक्टरांना प्रकृती चांगली असतानाच विचारून कागदावर लिहून ठेवा. सोबतची बाकीची औषधे थांबवायची की नाही हे प्रत्येकाचे वेगळे असते, आणि काही औषधे अचानक बंद करणेच घातक ठरते. या दिवसांत नुसते पाणी ढोसू नका. क्षारसंजीवनीची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घ्या. इथे मिठाला मज्जाव नाही.

आजारपणात अंग दुखते म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यांपैकी काही घेतले होते का? पत्रात उल्लेख नाही, पण विचारायलाच हवे. ही दुखणेनाशके शरीरात मीठ धरून ठेवतात आणि थायझाइडचा परिणाम मारतात, त्यामुळे एरवीही बीपी विनाकारण वर जाते. त्यात थायझाइड, ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ने संपणारी गोळी आणि दुखणेनाशक असे तिघे एकत्र आले, वर अंगात पाणी कमी पडले, की काही दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. तिन्ही औषधे आपापल्या जागी साधी आहेत, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल बरे.

एरवीही उठताना अंधारी येत असेल, तर असे मोजा : पाच मिनिटे आडवे पडून बीपी घ्या, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला, तर डोसाचा फेरविचार हवा. हे तीनही आकडे लिहून न्या; ‘चक्कर येते’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही.

प्रश्न : मला मधुमेहाची सुरुवात आहे आणि दोनदा गाऊटचा (युरिक अॅसिडमुळे सांधा सुजण्याचा) झटका येऊन गेला आहे. मला ही गोळी चालेल का?

मधुमेहासाठी अडणार नाही, गाऊटसाठी अडेल.

साखर थोडी वाढते हे खरे. ऑलहॅटमध्ये आधी मधुमेह नसलेल्यांपैकी चार वर्षांत नव्याने मधुमेह झालेले क्लोरथॅलिडोनवर ११.६ टक्के, अॅम्लोडिपिनवर ९.८ आणि लिसिनोप्रिलवर ८.१ टक्के होते. पण साखर थोडी वाढूनही हृदयविकाराच्या झटक्यांत क्लोरथॅलिडोन मागे पडले नाही. साखर वाढण्याचा संबंध काही अंशी पोटॅशियम घटण्याशी आहे, कारण ते कमी असले की स्वादुपिंडातून इन्सुलिन नीट सुटत नाही. पोटॅशियम सांभाळले की साखरही बरीचशी सांभाळली जाते.

गाऊटचे तसे नाही. थायझाइडमुळे मूत्रपिंड युरिक अॅसिड बाहेर टाकायला कुचराई करते, आणि दोनदा अंगठा सुजलेल्या माणसाला तिसऱ्यांदा त्याच वाटेला लावण्यात शहाणपण नाही. लोसार्टन बीपीबरोबर युरिक अॅसिडही थोडे उतरवते. त्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ज्यांचे युरिक अॅसिड फक्त कागदावर वाढलेले आहे, सांधा कधी दुखलेला नाही, त्यांनी तेवढ्यावरून चालू गोळी सोडू नये.

प्रश्न : ही गोळी सकाळी घ्यावी की रात्री? विसरली तर?

सकाळी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ‘टाइम’ चाचणीत, २१ हजारांवर रुग्णांमध्ये, बीपीची औषधे सकाळी घेतली काय नि संध्याकाळी घेतली काय, हृदयविकार-पक्षाघाताच्या प्रमाणात फरक पडला नाही. मग रात्री दोनदा उठून अंधारात न्हाणीघर गाठण्यात काय हशील? वृद्धांची हाडे अशाच वेळी मोडतात. विसरलात तर दुपारपर्यंत आठवल्यास घ्या, संध्याकाळ झाली असेल तर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन नकोत.

प्रश्न : हायड्रोक्लोरोथायझाइडने त्वचेचा कर्करोग होतो असे वाचले. बंद करू का?

संबंध आहे, पण प्रमाण लक्षात घ्या. औषधामुळे त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते आणि वर्षानुवर्षांच्या वापराने त्वचेच्या काही कर्करोगांचा धोका वाढतो. मेलॅनोमा त्यात धरलेला नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली माहितीपत्रकात ही सूचना घातली तेव्हाचा अंदाज असा : दर १६,००० रुग्णांमागे वर्षाला एक जादा रुग्ण. गोऱ्या कातडीच्या आणि एकूण ५०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक औषध पोटात गेलेल्यांत दर ६,७०० मागे एक. रोज २५ मिलिग्रॅम घेणाऱ्याला ५०,००० गाठायला साडेपाच वर्षे लागतात. अनियंत्रित बीपीचा धोका यापुढे फार मोठा आहे, तेव्हा परस्पर बंद करू नका. अंग झाकणारे कपडे घाला, उघड्या भागाला सनस्क्रीन लावा. न भरणारा व्रण किंवा वाढणारी खरखरीत गाठ दिसली तर दाखवा. आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेला असेल, तर मात्र औषध बदलण्याबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला.

थोडक्यात विचारलेले, थोडक्यात उत्तर

*सल्फाची अॅलर्जी आहे.* सल्फा अँटिबायोटिकवर साधे पुरळ आले असेल, तर थायझाइडही बाधेलच असे नाही. बहुतेकांना बाधत नाही. पण त्या वेळी कातडी सोलली गेली होती, तोंडात फोड आले होते किंवा श्वास अडला होता, तर आधी सांगा.

*लिथियम चालू आहे.* थायझाइडमुळे लिथियम शरीरात साठते आणि विषबाधा होऊ शकते. शक्यतो ही जोडी टाळतात. हात थरथरणे, तोल जाणे, जुलाब ही लक्षणे दिसली तर थांबू नका.

*गोळी सुरू करून चार दिवस झाले, अचानक लांबचे अंधुक दिसते, डोळा दुखतो.* पुढची गोळी घेऊ नका आणि आजच डोळ्यांचे डॉक्टर गाठा. क्वचित होते, पण डोळ्यातला दाब चढून दृष्टी जाऊ शकते. गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत जोराची धाप लागणे हाही असाच दुर्मीळ पण तातडीचा प्रकार.

*कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेते.* थायझाइड लघवीतून जाणारे कॅल्शियम रोखते. हाडांना ते बरेच, पण रक्तातले कॅल्शियम वाढू शकते. दोन्ही चालू असतील तर वर्षातून एकदा तपासा. ते वारंवार जास्त येत असेल, तर कॅल्शियमवर ताबा ठेवणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींचीही तपासणी लागते.

*क्रिएटिनिन वाढलेले आहे, गोळी निकामी ठरेल का?* पूर्वी तसे मानत. २०२१ च्या ‘क्लिक’ चाचणीत मूत्रपिंडाचा आजार चौथ्या टप्प्यात असलेल्या १६० जणांना क्लोरथॅलिडोन दिले (निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी), आणि बारा आठवड्यांत वरचा आकडा सरासरी ११ ने उतरला. फक्त अशा रुग्णांत क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि चक्कर यांवर बारीक लक्ष लागते, लघवीची दुसरी जोरकस गोळी सोबत असेल तर दुप्पट.

*दिवस राहिल्याची शंका आहे.* डॉक्टरांना लगेच सांगा. गरोदरपणात बीपीसाठी थायझाइड सहसा सुरू करत नाहीत, आणि आधीपासून चालू असेल तर बहुधा दुसरे औषध देतात.

*घशासाठी रोज ज्येष्ठमध चघळतो.* सोडा. ज्येष्ठमध नियमित खाल्ल्याने बीपी चढते आणि पोटॅशियम उतरते. गोळीही पोटॅशियमच उतरवते.

*मुलगा राष्ट्रीय स्पर्धांत धावतो आणि त्याला बीपीसाठी हीच गोळी दिली आहे.* जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत सगळी मूत्रल औषधे आहेत, स्पर्धा असो वा नसो, कारण ती लघवी पातळ करून इतर उत्तेजके लपवू शकतात. उपचारासाठी सूट मिळवण्याचा अर्ज असतो. तो मंजूर होईपर्यंत डॉक्टरांना दुसऱ्या गटातले औषध विचारा. तेही यादीत नाही ना, याची खात्री करून घ्या.